दर स्वस्त, काम महाग

बालाघाटाच्या डोंगररांगा जेथे उतरून पूर्णेच्या खोऱ्याला मिळतात, तेथे घाटाच्या पायथ्याशी रोहिणखेड हे गाव वसलेले आहे. आज ते बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील एक सामान्य खेडे. परंतु इतिहासाने या गावाच्या शिवारात दोन मोठ्या लढाया पाहिल्या आहेत. १४३७ साली बहमनी सरदार खलफ हसन याने खानदेशच्या नासीरखानाला येथे धूळ चारली, आणि दीडशे वर्षांनंतर अहमदनगरच्या गादीसाठी पेटलेल्या झुंजीत जमालखान येथेच पडला. त्या लढायांच्या खुणा केव्हाच पुसल्या गेल्या. राहिली ती खुदावंतखान महदवी याने १५८२ साली बांधलेली मशीद. लहानशी पण देखणी अशी तिची नोंद जुन्या गॅझेटियरने करून ठेवली आहे.

अशा वास्तूपुढे उभे राहिले की ‘पूर्वीचे लोक काम चोख करीत’ असा उद्गार सहज निघतो. तो पूर्णपणे खरा मानण्याचे कारण नाही. त्या काळीही निकृष्ट कामे झालीच असतील. ती पडली, म्हणून आज दिसत नाहीत, एवढेच. परंतु चार शतके टिकलेल्या बांधकामाच्या शेजारी, दोन पावसाळ्यांत उखडणारा रस्ता आणि तिसऱ्या पावसाळ्यात गळणारी शाळेची खोली पाहणाऱ्या गावकऱ्याला पडणारा प्रश्न मात्र खराच आहे. पैसा मंजूर झाला, तो खर्चही पडला. मग काम टिकत का नाही? या प्रश्नाचे उत्तर बहुधा ‘भ्रष्टाचार’ या एका शब्दात दिले जाते व चर्चा तेथेच संपते. वस्तुतः उत्तराचा मोठा भाग त्याच्याही आधी, कुदळ जमिनीला लागण्यापूर्वी, कागदावर लिहिलेला असतो. कामाची किंमत कोणी, केव्हा आणि कोणत्या रीतीने ठरविली, यावरच ते काम किती पैशांत, किती दिवसांत आणि किती चांगले होणार, हे बव्हंशी ठरून गेलेले असते.

रोहिणखेडच्या परिसरात हा विषय आता केवळ रस्त्यापुरता किंवा शाळेपुरता राहिलेला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पाला मान्यता दिली. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणापासून निघणारा हा कालवा सुमारे ४२६ किलोमीटरचा प्रवास करून जेथे पोचावयाचा आहे, ते नळगंगा धरण याच मोताळा तालुक्यात आहे. नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला आणि बुलढाणा या सहा जिल्ह्यांतील ३ लाख ७१ हजार २७७ हेक्टर जमीन त्यामुळे भिजेल, असे सांगण्यात आले. मान्यतेच्या वेळचा अंदाजित खर्च होता सुमारे ८७ हजार ३४३ कोटी रुपये. हा सारा खर्च केवळ सिंचनावर पडतो असे धरले, तर तो हेक्टरी साडेतेवीस लाखांच्या घरात जातो. इतक्या मोठ्या रकमेच्या अंदाजात एक टक्क्याची चूक झाली, तरी ती ८७३ कोटींची होते. म्हणूनच ‘हा आकडा कसा ठरला आणि पुढे तो कसा वागेल’ हे विचारण्याचा अधिकार कालव्याच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्या शेतकऱ्याला सर्वांत अधिक आहे. कालव्याचे पाणी टोकाला सर्वांत शेवटी पोचते. खर्च वाढला आणि काम रखडले, तर सर्वांत आधी कोरडे राहते तेही टोकच.

गोसीखुर्दचा धडा

कालव्याचा उगम जेथे आहे त्या गोसीखुर्दचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. वैनगंगेवरील या धरणाला १९८३ साली मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत ३७२ कोटी २२ लाख रुपये धरण्यात आली होती. १९८८ साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. पुढे हा प्रकल्प राष्ट्रीय प्रकल्प म्हणून घोषित झाला, केंद्राचा निधी आला, आणि तरीही २०१२-१३ च्या दरांनी काढलेली सुधारित किंमत १८ हजार ४९४ कोटींवर गेली. म्हणजे मूळ आकड्याच्या जवळजवळ पन्नास पट. तीन दशकांत महागाई वाढली हे खरे. पण निव्वळ महागाईने कोणतीही वस्तू पन्नास पट होत नाही. उरलेली वाढ भूसंपादनाची, पुनर्वसनाची, कामाची व्याप्ती बदलल्याची, मूळ अंदाजात न धरलेल्या बाबींची आणि सर्वांत मोठी म्हणजे विलंबाची असते. मधल्या काळात कालव्याच्या अस्तरीकरणाला तडे गेले, चौकशी झाली, आणि काही भाग उखडून पुन्हा करण्याची पाळी आली. खर्च, काळ आणि दर्जा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी कशा हातच्या जातात, याचे याहून ठळक उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

गोसीखुर्द हा अपवादही नव्हता. २००९ साली अवघ्या काही महिन्यांत विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांच्या सुधारित किमतींना मान्यता देण्यात आली आणि त्यांची एकत्रित किंमत ६ हजार ६७२ कोटींवरून २६ हजार ७२२ कोटींवर, म्हणजे चौपट झाली. बुलढाणा जिल्ह्यातच पूर्णा नदीवर होणाऱ्या जिगाव प्रकल्पाचा आकडाही शेकडा कोटींतून निघून हजारांत जाऊन पोचला. या प्रकरणांवरून राज्यात वादळ उठले. नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका निघाली, ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले गेले व २०१४ मध्ये त्याचा अहवाल आला. व्यक्तींच्या दोषादोषाचा निवाडा करणे हे चौकशी यंत्रणांचे आणि न्यायालयांचे काम. येथे प्रश्न आहे तो पद्धतीचा. पुरेसे सर्वेक्षण नाही, संकल्पचित्रे अपुरी, जमीन ताब्यात नाही, अशा स्थितीत निविदा काढावयाची आणि मग हळूहळू किंमत वाढवीत न्यावयाची, ही रीत एखाद्या व्यक्तीच्या लोभापेक्षाही खोल रुजलेली आहे. आरंभीचा आकडा लहान ठेवला की मंजुरी सुलभ होते. एकदा नारळ फुटला की काम अर्धवट सोडणे कोणत्याही सरकारला परवडत नाही. मग खरी किंमत हप्त्याहप्त्याने उघड होते.

हा रोग केवळ आपल्याकडचाच आहे, असेही नाही. डेन्मार्कमधील अभ्यासक बेंट फ्लिवबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली वीस देशांतील २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला. दहापैकी जवळजवळ नऊ प्रकल्पांत प्रत्यक्ष खर्च अंदाजापेक्षा अधिक झालेला त्यांना आढळला. चूक जर निव्वळ गणिताची असती, तर काही अंदाज कमी पडले असते तसे काही जास्तही ठरले असते. सगळ्या चुका एकाच दिशेला झुकतात, तेव्हा तराजूच्या दांडीवर कोणाचा तरी अंगठा आहे, असेच समजावे लागते.

दर ठरतो कसा

सर्वसामान्य नागरिकाला निविदेची भाषा दुर्बोध वाटते. पण तिचे सूत्र सोपे आहे. प्रथम खाते अंदाजपत्रक तयार करते. खोदकाम किती घनमीटर, काँक्रीट किती, सळई किती, गिलावा किती चौरस मीटर, अशी प्रत्येक बाब मोजली जाते व शासनाच्या दरसूचीतील दराने तिची किंमत मांडली जाते. या दरात साहित्य, मजुरी, यंत्रांचे भाडे आणि कंत्राटदाराचा वरखर्च व नफा हे सारे धरलेले असते. त्यानंतर निविदा निघते. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात तिचे तीन परिचित नमुने आहेत. ‘बी-१’ नमुन्यात कंत्राटदार खात्याचेच दर मान्य करतो आणि एकंदर रकमेवर ‘इतके टक्के कमी’ किंवा ‘इतके टक्के जास्त’ एवढेच लिहितो. ‘बी-२’ नमुन्यात तो प्रत्येक बाबीचा स्वतंत्र दर भरतो. ‘सी’ नमुन्यात संपूर्ण कामाची एकच ठोक रक्कम ठरते. अलीकडे मोठ्या कामांत संकल्पनापासून बांधणीपर्यंतचे सर्व दायित्व एकाच कंपनीवर टाकण्याची पद्धत रूढ झाली आहे. बुलढाणा जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग असाच टप्पे पाडून बांधला गेला. त्याचा पहिला भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला.

या नमुन्यांतला फरक कारकुनी नाही; जोखीम कोणाच्या शिरावर, हे त्याने ठरते. मोजमापाप्रमाणे पैसे देण्याच्या पद्धतीत खोदताना खडक लागला तर जादा पैसे सरकार देते. ठोक रकमेच्या पद्धतीत तो भार कंत्राटदारावर पडतो. पण नकाशा अपुरा असेल, तर शहाणा कंत्राटदार त्या अज्ञाताची किंमत आधीच आपल्या आकड्यात घालतो, आणि अडाणी किंवा गरजू कंत्राटदार ती न घालता काम घेऊन मध्येच बुडतो. दोन्ही प्रकारे भरणा सरकारी तिजोरीतूनच होतो.

बाबनिहाय दरांची एक गोम उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका कामात १,००० घनमीटर मुरूम आणि १०० घनमीटर खडक खोदावा लागेल, असा खात्याचा अंदाज आहे. पहिला कंत्राटदार मुरमाला २०० आणि खडकाला ८०० रुपये दर भरतो. त्याची एकूण रक्कम होते २ लाख ८० हजार. दुसरा मुरमाला १५० आणि खडकाला १,२०० रुपये भरतो. त्याची रक्कम येते २ लाख ७० हजार. नियमाप्रमाणे काम दुसऱ्याला मिळते. प्रत्यक्षात मुरूम ६०० आणि खडक ५०० घनमीटर निघतो. पहिल्याला काम दिले असते तर ५ लाख २० हजार द्यावे लागले असते. दुसऱ्याला ६ लाख ९० हजार द्यावे लागतात. दहा हजार वाचविण्यासाठी एक लाख सत्तर हजार अधिक गेले! येथे कोणी लाच दिली असेलच, असे नाही. जमिनीखाली काय आहे हे ज्याला खात्यापेक्षा अधिक ठाऊक होते, त्याने त्या ज्ञानाचे पैसे केले. चार ठिकाणी आधी भोके पाडून खडक पाहण्याचा खर्च वाचविला, त्याचे हे व्याज. ‘बी-१’ पद्धतीत अशी दरांची फिरवाफिरव करता येत नाही, हा तिचा गुण. पण मूळ अंदाजच चुकलेला असेल, तर ती चूक जशीच्या तशी कंत्राटात उतरते, हा तिचा दोष.

‘बिलो’ची स्पर्धा

यानंतर येतो तो सर्वांत कमी दराचा नियम. निविदा उघडल्या की ज्याचा आकडा सर्वांत लहान, त्याला काम द्यावयाचे. या नियमाचा मोठा गुण म्हणजे तो अधिकाऱ्याच्या मर्जीला वाव ठेवत नाही. म्हणूनच हिशेब तपासनीसालाही तो प्रिय असतो. कमी दराच्या निविदेवर आक्षेप निघत नाही, जास्त दराच्या निविदेला मात्र दहा खुलासे द्यावे लागतात. परिणामी तालुक्या-तालुक्यांत ‘बिलो’ जाण्याची, म्हणजे अंदाजापेक्षा वीस-पंचवीस टक्के कमी दर भरण्याची स्पर्धा लागते.

अशा वेळी दोनच शक्यता उरतात. एक तर खात्याचे अंदाजपत्रकच फुगविलेले होते, किंवा मग काम अंदाजपत्रकाप्रमाणे होणार नाही. सिमेंट, सळई आणि डिझेल यांचे भाव बाजार ठरवितो. त्यांत कंत्राटदाराला फारशी सूट मिळत नाही. काटछाट करावयाची ती अशाच ठिकाणी, जेथे ती डोळ्यांना दिसणार नाही. स्लॅबच्या नेहमीच्या काँक्रीटच्या एका घनमीटरला सुमारे आठ पोती सिमेंट लागते. सात घातली, तर ओतलेल्या दिवशी कोणाच्याही लक्षात येत नाही. मिश्रण घट्ट वाटले तर बादलीभर पाणी जास्त ओतले, की मजुरांचे श्रम वाचतात आणि काँक्रीटचे बळ घटते. डांबराचा थर अर्धा इंच पातळ झाला तरी उद्घाटनाच्या दिवशी रस्ता काळाभोरच दिसतो.

आणि सर्वांत उपेक्षित बाब म्हणजे काँक्रीटवर पाणी मारणे. साधे सिमेंट असेल तर किमान सात दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा उष्ण-कोरडी असेल तर दहा दिवस काँक्रीट ओले ठेवले पाहिजे, असे भारतीय मानक सांगते. परंतु मोजमाप पुस्तिकेत या कामाची बहुधा वेगळी ओळ नसते. ज्याचा वेगळा पैसा नाही, ते काम पहिल्यांदा सुटते. त्यातून निधी खर्ची घालण्याची घाई दरवर्षी मार्चअखेरीला येते. म्हणजे स्लॅब पडतात ते नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर, जेव्हा घाटाखालच्या गावांत पिण्याच्या पाण्याचीच ओढ सुरू झालेली असते. हंड्याच्या रांगेत उभ्या असलेल्या गावात काँक्रीटला पाणी कोण मारणार? शाळेचे छत तीन वर्षांनी का गळते, याचे उत्तर येथे, अंदाजपत्रक आणि अर्थसंकल्पाच्या तारखा यांच्या मधल्या जागेत आहे.

ही कुरबूर आजची नव्हे. लुई चौदाव्याचा प्रख्यात दुर्गतज्ज्ञ व्होबाँ याने १६८३ साली फ्रान्सचा युद्धमंत्री लुव्वा याला पत्र लिहून कमी दराच्या निविदांविरुद्ध गाऱ्हाणे घातले होते. अशा स्पर्धेत ज्यांना कामाचे ज्ञान नाही किंवा ज्यांना गमाविण्यासारखे काही उरलेले नाही, असेच लोक पुढे येतात. कामे रेंगाळतात, निकृष्ट होतात. तेव्हा रास्त किंमत देऊन प्रामाणिक माणसाला काम द्यावे, अशा आशयाचा तो सल्ला होता. आपल्याकडे महात्मा फुले हे स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते. खडकवासल्याचे धरण आणि येरवड्याचा पूल यांच्या कामांशी त्यांचा संबंध होता. चुना, दगड आणि मजूर यांचा व्यवहार त्यांनी आतून पाहिला होता. १८६९ च्या ‘ब्राह्मणांचे कसब’ या पुस्तकात इंजिनीअर खात्यातील लबाड्यांवर त्यांनी पवाडा रचला, तो या अनुभवातून. सरकारी कामातील नफा कोठे मुरतो आणि त्याची झळ अखेर हातावर पोट असलेल्या मजुराला कशी लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

काळाची किंमत

खर्च आणि दर्जा यांना जोडणारा तिसरा धागा म्हणजे वेळ. काम थांबले म्हणून खर्च थांबत नाही. उभ्या यंत्राचे भाडे चढते, बँकेचे व्याज चढते, चौकीदाराचा पगार द्यावा लागतो, आणि अर्धवट उघड्या पडलेल्या सळईला गंज चढतो. काम थांबण्याची कारणेही परिचितच आहेत. जमीन ताब्यात नाही, वन खात्याची परवानगी नाही, विजेचे खांब हललेले नाहीत, आणि सर्वांत नित्याचे म्हणजे झालेल्या कामाचे पैसे मिळालेले नाहीत. २०२५ साली राज्यातील कंत्राटदारांच्या संघटनांनी, आपली सुमारे ८९ हजार कोटी रुपयांची देयके शासनाकडे थकल्याचा दावा करून आंदोलने केली. या आकड्याविषयी मतभेद होऊ शकतो. पण देयके थकतात, ही वस्तुस्थिती कोणी नाकारीत नाही. पैसे वर्षभर उशिरा मिळणार असे ज्याला ठाऊक आहे, तो त्या वर्षाचे व्याज दरात घालतो, किंवा दरात बसत नसेल तर कामातून काढतो. सरकारची उधारी अशा रीतीने खड्ड्यांच्या रूपाने जनतेकडे परत येते.

दीर्घ मुदतीच्या कंत्राटांत भाववाढीचे कलम असते. सिमेंट, पोलाद, डांबर यांचे भाव बदलले तर त्या प्रमाणात फरक दिला जातो. हे कलम रास्त आहे. ते नसेल तर कंत्राटदार संभाव्य भाववाढ आधीच दरात चढवितो किंवा भाव भडकताच काम सोडून जातो. मात्र विलंब कोणामुळे झाला, हे प्रामाणिकपणे न नोंदविता हे कलम वापरले, तर काम लांबविणाराच बक्षिसाचा धनी होतो.

याच्या उलट, अविचारी घाईही तितकीच घातक ठरते. पानशेतचे धरण पूर्णपणे तयार होण्यापूर्वीच त्यात पावसाळ्याचे पाणी साठविण्याची घाई झाली आणि १२ जुलै १९६१ रोजी ते फुटून पुण्यावर जलप्रलय कोसळला. वेग आणि घाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेल्यावर तेथे नवा पूल १८० दिवसांत बांधावयाचे ठरले, आणि तो १६५ दिवसांत उभा राहिला. जून २०१७ मध्ये त्यावरून वाहतूक सुरू झाली. पूल कोठे, किती रुंद आणि कोणत्या उंचीचा हे निश्चित होते, पैशाची तजवीज होती आणि साऱ्या राज्याची नजर त्या कामावर होती. तेच खाते, त्याच देशातील मजूर आणि तेच सिमेंट. फरक पडला तो तयारीने.

उपाय अवघड नाहीत

मग करावे काय? ‘सर्वांत कमी दराला काम’ हा नियम मोडीत काढून अधिकाऱ्याच्या पसंतीवर काम सोपविणे हा उपाय नव्हे. तो तर रोगापेक्षा भयंकर ठरेल. नियम ठेवूनही त्याला डोळे देता येतात. दहा टक्क्यांहून अधिक कमी दर भरणाऱ्याकडून जादा अनामत घेण्याची तरतूद राज्यात आहेच. पण अनामत म्हणजे दर्जाची हमी नव्हे. असाधारण कमी दर भरणाऱ्याने प्रत्येक बाबीचे पृथक्करण करून, ‘हे काम या पैशांत मी असे करीन’ हे लेखी सिद्ध केले पाहिजे, आणि ते पटले नाही तर निविदा नाकारण्याचे धैर्य खात्याने दाखविले पाहिजे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या खरेदीविषयक निर्देशात असे स्पष्टीकरण मागणे बंधनकारक आहे. आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२१ मध्ये, ठरावीक कामांत दराबरोबर गुणवत्तेला तीस टक्क्यांपर्यंत वजन देण्याची मुभा दिली. अधिकाऱ्यांनी ती वापरावी यासाठी त्यांना प्रामाणिक निर्णयाबद्दल संरक्षणही मिळाले पाहिजे.

परंतु त्याआधीची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ज्याच्याजवळ स्वतःचा खरा अंदाज आहे, तोच दुसऱ्याचा दर तोलू शकतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी खाजगी क्षेत्राकडून आलेली सुमारे ३,६०० कोटींची निविदा राज्य शासनाने गेल्या शतकाच्या अखेरीस नाकारली, आणि रस्ते विकास महामंडळाने तो मार्ग स्वतः सुमारे सोळाशे कोटींत बांधून २००२ साली पूर्ण केला. आपल्या कामाची किंमत किती, हे घरमालकाला ठाऊक होते, म्हणून तो ‘नाही’ म्हणू शकला. जेथे मालकालाच अंदाज नसतो, तेथे सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त हे दोन्ही दर सारखेच आंधळे असतात.

तेव्हा जमिनीखालचा थर तपासल्याशिवाय, नकाशे पुरे झाल्याशिवाय आणि बहुतांश जमीन हाती आल्याशिवाय निविदा निघू नये, हा पहिला नियम. काँक्रीटला पाणी मारणे आणि नमुन्यांची चाचणी या बाबींना अंदाजपत्रकात स्वतंत्र दर व स्वतंत्र देयक असावे, हा दुसरा. बांधणाऱ्यावरच काही वर्षांच्या देखभालीचे दायित्व असावे, हा तिसरा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत पाच वर्षांच्या देखभालीची अट याच विचाराने घातलेली आहे. झालेल्या कामाचे पैसे मुदतीत मिळावेत आणि न मिळाल्यास व्याज द्यावे लागावे, हा चौथा. आणि कामाच्या जागेवरील फलकावर केवळ पुढाऱ्यांची नावे व एकूण रक्कम न लिहिता थर किती जाडीचा, सिमेंट किती, सळई किती व्यासाची, हे मराठीत लिहावे, हा पाचवा. गावातल्या शाळेत क्षेत्रफळ आणि घनफळ शिकलेला आठवीचा विद्यार्थी तो फलक वाचून, पट्टी घेऊन, रस्त्याची जाडी मोजू शकतो. याहून स्वस्त तपासणी यंत्रणा कोणत्याही खात्याला मिळणार नाही.

वैनगंगेचे पाणी नळगंगेला मिळावे, ही पश्चिम विदर्भाची न्याय्य आकांक्षा आहे. ती खर्चिक आहे म्हणून तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. कोरडवाहू कापूस-सोयाबीनवर जगणाऱ्या जिल्ह्याला पाण्याची खरी किंमत शहरापेक्षा अधिक कळते. परंतु गोसीखुर्दच्या वेळी ३७२ कोटी हा आकडा सांगून जी सुरुवात झाली, तशीच सुरुवात या कालव्याची झाली, तर ४२६ किलोमीटरचा रस्ता कापायला किती पिढ्या लागतील, हे कोणीही सांगू शकणार नाही. पहिली निविदा निघण्यापूर्वी सर्वेक्षणाचा, जमिनीचा आणि दरांचा संपूर्ण तपशील शासनाने सहाही जिल्ह्यांतील ग्रामपंचायतींपुढे ठेवावा. खरी किंमत आज ऐकताना ती जड वाटेल. पण खोटी किंमत ऐकून झालेला आनंद विदर्भाने एकदा उपभोगला आहे, आणि त्याचे हप्ते तो अजून फेडीत आहे.